बोलायची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. खुर्चीला कुठलं आलं डोकं, म्हणून हसू नका. पाठ आहे, हात आहेत, पाय आहेत. राग यायला एवढं पुरतं.

माझा जन्म धुळ्याचा. झुलाल मिस्त्रींनी मला एका शाळेच्या मुख्याध्यापकांसाठी घडवलं. माणूस अबोल, पण कामाला चोख. एकही खिळा न मारता, लाकडी खुंट्या ठोकून त्यांनी माझे सांधे जोडले. मुख्याध्यापक माझ्यावर बसून पोरांना झापायचे आणि पोरं खाली मान घालून ऐकायची. अशी वीस-बावीस वर्षं गेली. मग शाळेत लोखंडी खुर्च्या आल्या, माझी रवानगी भंगारात झाली आणि तिथून वृषाली मॅडमनी मला उचलून जळगावला आणलं.

पिंप्राळ्यात त्यांचा इंग्रजी संभाषणाचा क्लास आहे. दोन खोल्या आणि मागे गॅलरी. मॅडमनी मला पॉलिश केलं, वेताची बैठक नवी विणून घेतली आणि माझं नाव ठेवलं ‘बोलायची खुर्ची’. जो माझ्यावर बसेल त्याने इंग्रजीतच बोलायचं, आणि तो उठेपर्यंत मध्ये कुणी तोंड उघडायचं नाही, असा नियम. तोवर मॅडम कोपऱ्यात बसून त्याच्या चुका वहीत टिपणार. त-त-प-प करणारी कितीतरी मुलं माझ्यावर बसून बोलती झाली आणि पुण्याला नोकरीला लागली. जाताना माझ्यासोबत फोटो काढायची. मी फुगले होते, खोटं कशाला बोलू?

आता रागाची गोष्ट सांगते. रविवारी सकाळी सात ते नऊ वरच्या वर्गाची बॅच असते. चांगलं इंग्रजी येणारी, नोकरी करणारी मोठी माणसं. त्या रविवारी चर्चेचा विषय होता कामाचं व्यसन, म्हणजे वर्कोहोलिक माणसं. मॅडमनी दहा प्रश्नांचा कागद वाटला. सुट्टीत ऑफिसचे फोन घेता का? कामापायी जेवण चुकतं का? जितके होकार जास्त, तितका आजार मोठा. पण आमची मंडळी अशी, की कागदावर प्रश्न दिसले की जास्त गुण मिळवायलाच बसली. एका कारखान्यात मॅनेजर असलेल्या भूषणला दहापैकी नऊ पडले, तर गडी पहिला नंबर आल्यासारखा माझ्यावर येऊन बसला. मुलीच्या बारशाच्या दिवशीही आपण कारखान्यातच होतो आणि नाव काय ठेवलं ते फोनवर कळलं, असं त्याने ऐटीत सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्याची लाज वाटायला हवी त्याला टाळ्या! माझा पाय तेव्हाच करकरला, पण खुर्चीच्या करकरण्याकडे लक्ष कोण देतो?

मग समीक्षा बसली. ही एका खाजगी दवाखान्यात नर्स. पोरगी इतकी हलकी, की बसली तरी वेत वाकत नाही. त्या दिवशी मात्र तिने माझे दोन्ही हात घट्ट धरले. तिच्या बोटांची थरथर माझ्या लाकडाला कळत होती.

ती सहा मिनिटं बोलली. तिची आई लिलाबाई धरणगावला एकटी असते. गेल्या गुरुवारी सकाळी न्हाणीत पडली. पडल्या पडल्या तिने लेकीला चार फोन केले. समीक्षा तेव्हा सलग दुसऱ्या ड्युटीवर होती आणि फोन कपाटात होता. शेजारणीने दार ढकललं तेव्हा दुपार झाली होती. आता आईच्या पायाला प्लास्टर आहे आणि शेजारीण तिला जेवण आणून देते. दवाखाना सुट्टी देत नाही. तू तर वर्कोहोलिक आहेस, तुला घरी करमणार नाही, असं तिथले साहेब हसून म्हणतात. आजही दहाला ड्युटी आहे.

एवढं बोलून ती थांबली. आणि मित्रांनो, टाळ्या पडल्या! भूषण म्हणाला, उदाहरण फार चांगलं होतं. मॅडम म्हणाल्या, ओघ उत्तम, फक्त पाच चुका. आणि त्या चुका वाचायला लागल्या.

समीक्षा उठली नाही. नियमाप्रमाणे बोलायची पाळी अजून तिचीच होती.

“मॅडम, मी इंग्रजी बोलत नव्हते,” ती मराठीत म्हणाली. “मी सांगत होते.”

“इन इंग्लिश, प्लीज,” मॅडम वहीतून मान वर न करता बोलून गेल्या.

बाई वाईट नाहीत. दिवसाला पाच बॅच घेतात, घसा बसलेला असतो, सवयीने बोलल्या. पण सवय झाली म्हणून काय माणसाचं ऐकूच येऊ नये? मला बोलता येत असतं तर तिथेच चार शब्द सुनावले असते. आपला नाइलाज.

तेवढ्यात मंजुळाबाई आत आल्या. क्लासची झाडलोट करून त्या पाच घरची धुणीभांडी करतात. इंग्रजीचा त्यांना गंध नाही. पण समीक्षाचा चेहरा त्यांनी दारातूनच वाचला. हातातला झाडू भिंतीला लावून त्या थेट माझ्यापाशी आल्या आणि आपल्या अहिराणीत विचारू लागल्या.

“काय व्हयनं वं बेटा? तुनी माय बरी शे ना?”

“पडनी वं मावशी. घर एकलीच शे.”

“मंग तू आठे काय करी ऱ्हायनी?”

मग तू इथे काय करतेस, एवढाच तो प्रश्न. समीक्षा उठली. तिने दवाखान्यात फोन लावला, आज येत नाही, केव्हा येईन ते सांगता येत नाही, असं कळवलं आणि धरणगावच्या गाडीसाठी निघून गेली. तिची वही बाकावरच राहिली.

पुढच्या आठवड्यात क्लासमध्ये गोल फिरणाऱ्या खुर्च्या आल्या आणि मी गॅलरीत गेले. बोलायला आता दोन मिनिटं मिळतात, नंतर घंटी वाजते. मी इकडे उन्हात तडकतेय. त्याचं मला काही वाटत नाही. वाटलं ते परवा.

परवा समीक्षा वही न्यायला आली होती. दवाखान्याने तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली, हे तिने मंजुळाबाईंना गॅलरीत सांगितलं. आई आता काठी धरून चार पावलं टाकते, हेही सांगितलं, आणि सांगताना हसली. निघताना गॅलरीच्या दारात मॅडम भेटल्या. त्यांनी विचारलं, परत बॅचला कधी येतेस? भूषणही तिथेच होता. तो म्हणाला, एवढी चांगली नोकरी घालवलीस. आई कशी आहे, एवढे तीन शब्द त्या दोघांना सुचले नाहीत. तीन शब्द, मित्रांनो, तेही आपल्याच भाषेतले!

म्हणून हात जोडून नव्हे, चांगली रागावून सांगते. मला पॉलिश करू नका, आत नेऊ नका, वाटलं तर सरपणाला घाला. पण तुमच्यासमोर बसून कुणी थरथरत बोललं, तर चुका मोजायची वही आधी मिटा. बोलण्यातली चूक पुढच्या रविवारीही सुधारता येते. न्हाणीत पडलेल्या माणसाला पुढच्या रविवारपर्यंत थांबता येत नाही.