उत्तर देणारा

बाइंडरकाकांना 'नमो मरिया' ही जपमाळेची प्रार्थना पूर्ण पाठ होती, पण जिभेवर बसली होती ती दुसरी अर्धीच. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी बायको जपमाळ घेऊन बसायची. "नमो मरिये, कृपापूर्णे" अशी सुरुवात तिची. ती येशूच्या नावापाशी पोचली की काका उचलायचे, "हे पवित्र मरिये, देवाच्या माते..." पलंगावर कोणी कुठल्या बाजूला झोपायचं हे जसं न बोलता ठरतं, तसंच हेही ठरून गेलं होतं.

इस्पितळात ती शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा काका उशाशीच होते. हातात तिचीच जपमाळ होती. डॉक्टरांनी मान हलवली, मुलीला हुंदका फुटला, आणि काका मात्र थांबून राहिले. ती सुरू करेल, मग आपण उत्तर देऊ. ती गेली, आणि काकांच्या तोंडून एक शब्दही फुटला नाही.

तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर लागला. ती बिचारी प्रार्थनेवाचून गेली. आणि ते पाप कोणाचं? जन्मभर नुसती री ओढणाऱ्या माणसाचं. आपला विश्वास म्हणजे सगळा तिचाच विश्वास होता की काय, असंही त्यांना वाटू लागलं. कामावरून लक्ष उडालं. चर्चच्या गीतपुस्तकांची नवी बांधणी करताना एका पुस्तकाला त्यांनी पुठ्ठा उलटा लावला. आयुष्यात कधी असं झालं नव्हतं.

मुलगी म्हणाली, "बाबा, बसा. मी सुरू करते." आणि तिने असा सपाटा लावला की काका म्हणाले, "अगं, मागे पोलीस लागलेत का?"

ती हसली, आणि सावकाश म्हणू लागली. तिचा आवाज हुबेहूब आईवर गेलेला. चष्मा पुसायचं निमित्त करून काका आत निघून गेले.

पुस्तकं द्यायला गेले तेव्हा शेवटी त्यांनी फादरांकडे मन मोकळं केलं. फादर पोरसवदा होते, मिस्साचे, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचे, झगे कपाटात लावत होते.

"फादर, मला सुरुवात करता येत नाही."

"कशाची?"

"नमो मरियेची."

"काका, पाठ तर आहे ना?"

"पाठ आहे हो. तोंडच उघडत नाही. मी आपला उत्तर देणारा माणूस."

फादर काहीतरी समजुतीचं बोलणार होते, पण काकांचा चेहरा बघून त्यांनी हातातला झगा बाजूला ठेवला. "मिस्साच्या आधी जपमाळ असते तिला येत जा. गप्प बसलात तरी चालेल."

काका जाऊ लागले. पहिल्या बाकावर कडेला बसायचे, तोंडाला कुलूप. जपमाळ चालवायच्या एक निवृत्त शिक्षिका बाई. आवाज असा खणखणीत की त्यांना माइक दिला हेच नवल. पण एका संध्याकाळी बाईंचा घसा पार बसला. त्यांनी माइक हातात घेतला, नुसती वाफ निघाली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि सगळ्यांत जवळ बसलेल्या काकांच्या हातात माइक कोंबला.

"बाई, मी नाही हो..."

बाईंनी डोळे वटारले. त्या डोळ्यांपुढे भल्याभल्यांचं काही चाललं नव्हतं. काका उठले. त्यांनी तोंड उघडलं, आणि जे जिभेवर होतं तेच बाहेर पडलं: "हे पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी, विनंती कर. आमेन."

कोणीतरी खुदकन हसलं. काकांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण मागच्या बाकावरून एका बाईने सुरू केलं, "नमो मरिये, कृपापूर्णे," आणि मग सगळं चर्चच म्हणू लागलं. ते येशूच्या नावापाशी आले. काकांनी उचललं. आता आवाज ठाम होता.

असं उलटंच चाललं. लोक सुरू करत होते, काका उत्तर देत होते. आणि म्हणता म्हणता आपण काय म्हणतोय ते त्यांच्या कानावर पडलं. आमच्या मरणाच्या वेळी. 'आमच्या' म्हणजे कोणाच्या? दोघांच्याच की. ती शेजारी मांडी घालून बसलेली असायची आणि ते रोज तिच्या त्या घटकेसाठी मागत आले होते; ती धडधाकट होती, भांडत होती, हसत होती, तेव्हापासून. इस्पितळात मागायचं राहून गेलं नव्हतं. ते केव्हाच मागून झालं होतं. छातीवरचा धोंडा कोणीतरी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवावा तसं त्यांना झालं.

मिस्सा संपल्यावर फादर दारात भेटले. "काका, 'नमो मरिये' हे मरियेला देवदूताने केलेलं अभिवादन. आज देवदूत जरा उशिरा पोचला."

"पोचला ना पण," काका म्हणाले.

बाईंनी बसलेल्या घशाने कुजबुजत सुनावलं, "सगळं उलटं केलंत! उद्या पुन्हा या."

मुलगी त्यांना न्यायला आली होती. घरी येताना काकांनी तिला सगळं सांगितलं. ती चालता चालता थांबली. "म्हणजे आईसाठी तुम्ही..."

"रोज मागत होतो गं. मलाच कळलं नव्हतं."

तिने त्यांचा हात धरला. काका म्हणाले, "चल, भूक लागलीय." ही गोष्ट त्यांच्या तोंडून तिने कितीतरी दिवसांनी ऐकली.