पडलं तरी शेपूट वर

पडलो तरी नाक वर, अशी म्हण आहे. धाकटीचं विमान पडलं तेव्हा मात्र नाक मातीत होतं आणि शेपूट वर. हा विनोद पहिल्यांदा तिच्या थोरल्या भावानेच केला, आणि मग तो गावभर झाला. ऐकला की धाकटीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, कारण विमान नाकावर कोणी आपटवलं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

विमान जुनं, दोन सीटचं, एकामागे एक बसायचं. दोन चाकं पुढे, तिसरं इवलंसं शेपटाखाली. असलं विमान जमिनीला टेकलं की शेपूट पुढे पळायला बघतं. ते पायांनी हळूहळू सरळ ठेवायचं असतं. घाबरून ब्रेक दाबला की चाकं मातीत रुततात आणि विमान तोंडघशी पडतं. विमान चालवायला शिकवताना धाकटीने निम्म्या गावाला हेच सांगितलं होतं. त्या दिवशी तिच्या टाचा ब्रेकवर नव्हत्याच. ब्रेक आपोआप खाली गेला. आणि मागच्या सीटलाही ब्रेक होते, तिथे दादा बसला होता.

"मी? मी तर डोळे मिटून बसलो होतो!" दादाने तेव्हाच कानांवर हात ठेवले होते.

आज विमान दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी त्याच्या नाकाला नवा पंखा बसवला आणि दादा समजूत घालायला आला. "विमान विकून टाकू. तू आता उडणं सोड, ऑफिसात बस. झालं गेलं, मी तुला काही बोलणार नाही."

"बोलणार नाहीस? फार उपकार झाले!"

"हट्ट करू नकोस, धाकटे. कधीकधी शेपूट घालावं माणसाने."

"घालते ना. बूट काढ आणि मागे बस."

"बूट कशाला?"

"पाय ओढून सीटखाली घ्यायचे, बुटांसकट मावणार नाहीत. विमान जरा जरी वाकडं गेलं तर उद्यापासून ऑफिसात बसते. सरळ थांबलं, तर ब्रेक कोणी दाबला ते मिस्त्रींसमोर सांगायचं."

"बाई, वारा आडवा आहे," मिस्त्री म्हणाले.

"त्या दिवशीही आडवाच होता."

गावावरून एक फेरी मारून ती मातीच्या पट्टीवर उतरली. चाकं टेकली, खडखडाट झाला आणि वाऱ्याने शेपूट ढकललं. खरंच आपलंच चुकलं असेल तर? पण विचार करायला वेळ नव्हता. तिने दांडा पोटाशी ओढला, उजवा पाय दिला, लगेच डावा, पुन्हा उजवा. मागून "अगं, अगं, अगं!" चाललं होतं आणि त्याच्याबरोबर धप, धप, धप. मोजे घातलेले दोन पाय सीटखालच्या पत्र्यावर जिवाच्या आकांताने ब्रेक शोधत होते.

विमान सरळ थांबलं. तिने इंजिन बंद केलं तरी मागे एकदा धप झालंच.

"घातलं बघ शेपूट," धाकटी म्हणाली. "जमिनीवर, जिथल्या तिथे."

दादा खाली उतरला आणि मोज्यांनिशी मातीत उभा राहिला. मिस्त्री त्याचे बूट घेऊन आले. त्याने ते घेतले नाहीत. तो आपल्या पायांकडेच बघत होता.

"ब्रेक मीच दाबला होता," तो पुटपुटला.

"मोठ्याने," धाकटी म्हणाली. "विनोद गावभर ऐकू गेला होता."