जावेपेक्षा जास्त भरलेली नळी

पापडी गावच्या वाडीत सुपांवर पसरलेली सुकेळी, सोलून उन्हात घातलेली केळी. अर्धी वाळलेली.

तपासणीला दिलेली थुंकीची एक नळी, रेघेच्या वर भरलेली. शेजारी दुसरी, रेघेला जेमतेम टेकलेली.

घरातल्या प्रत्येक डोहाळजेवणाला पहिली ओटी जयवंतीने भरायची. दोन मुलग्यांची आई ती. धाकटी जाऊ वसुंधरा मागे. तिला तिन्ही मुलीच.

"तुझी का गं एवढीशी?" नळ्या भरल्या त्या दिवशी जयवंतीने विचारलं होतं.

"माझी थुंकी बोलण्यात संपते, वैनी."

आज कॉन्रॅडची मुलगी जीना त्या नळ्यांचा निकाल घेऊन आली. गावातलीच पोर, या किनाऱ्यावर माणसं कधी आणि कुठून आली, याचा लोकांच्या थुंकीवरून अभ्यास करते. ओट्यावर टेकत तिने आधीच सांगितलं, "यात फक्त आईकडून आलेलं दिसतं, काकी. आई, तिची आई, तिची आई, असं मागे मागे."

वसुंधराची आईकडची ओळ साधी निघाली, देशभर सापडणारी. जयवंतीची हजारो वर्षं जुनी, आणि जीनाच्या अख्ख्या यादीत तशी ती एकटीच.

जयवंतीने जावेकडे पाहिलं. वसुंधरा सुकेळी उलटत होती.

"काकी, तुम्हाला बहिणी?"

"मी एकटीच."

"मावश्या?"

"नव्हत्या."

"मुलगी?"

"दोन मुलगे आहेत. उमंगची नळी घे, काठोकाठ भरून देईल."

"उमंगमध्ये आहे ते. पण त्याच्या मुलांत त्यांच्या आईचं येणार. पुढे जातं ते मुलींकडूनच." जीना कागदाकडे बघत राहिली. "म्हणजे तुमचं इथवरच, काकी."

"आणि माझं साधंसुधं?" वसुंधराने मान वर न करता विचारलं.

"तुमच्या तीन मुली, त्यातल्या कृतिकालाही मुलगीच. तुमचं जाईल."

वसुंधरा हसली नाही. हसली असती तर जयवंतीला चार शब्द ऐकवता आले असते. तिने जावेने नुकतीच उलटलेली सुकेळी पुन्हा एकेक करून उलटी केली.

"कृतिकाची पोर दिसते मात्र बापासारखी," ती म्हणाली.

"असेल, वैनी."

त्र्याण्णव साली, तिसऱ्या खेपेला पोटात मुलगी आहे असं कळल्यावर, जयवंती दवाखान्यात जाऊन मोकळी होऊन आली होती. तिचा नवरा दिनानाथ पाडू नकोस म्हणाला होता.