सहा थरांचा त्रिकोण

नवीन व्हिनाइल कटर, म्हणजे स्टिकर कापायचं यंत्र, घेतलेले लोक मला फोन करतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेगाचा असतो. मी म्हणते, वेग राहू द्या, आधी पातं बघा. पातं इतकंच बाहेर हवं की वरचं व्हिनाइल पूर्ण कापलं जावं आणि मागच्या कागदावर नुसता ओरखडा उठावा. कागदही कापला गेला, तर स्टिकर उचलताना सगळंच हातात येतं. म्हणून दर नव्या रोलच्या कोपऱ्यात आधी एक छोटा आकार कापायचा आणि नखाने उचलून बघायचा. दोन मिनिटं जातात, पण मीटरभर माल वाचतो.

हे मी तीन वर्षांत चुका करून शिकले. पंचवटीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझा कटर आहे. एमएस्सीचा अभ्यास करता करता हा उद्योग सुरू झाला. दुकानाच्या दारावरच्या वेळा, बारशाला वाटायच्या बाटल्यांवरची नावं, देवळा-नामपूरकडून कांदा घेऊन येणाऱ्या पिकअपच्या काचा. या वर्षी मात्र सगळ्यात जास्त काम मी एकाच माणसासाठी केलं. माझ्या वडिलांसाठी.

त्यांना सगळे नाना म्हणतात, आम्ही मुलंही. नाना तीर्थोपाध्याय आहेत, रामकुंडावर बसतात. मधुमेहाने त्यांच्या डोळ्यांचे पडदे गेले. आता उजेड कुठून येतो आणि समोर माणूस उभा आहे की नाही, एवढंच कळतं. कुंडावर त्याने फारसं अडत नाही. मंत्र पाठ आहेत, वहीतल्या नोंदी शेजारी बसणारा गौरांग करतो, आणि कळवणचा यजमान दोन वाक्यं बोलला की नाना त्याला आजोबांच्या नावासकट ओळखतात. एकाने विचारलं होतं, "गुरुजी, दिसत नाही तर सगळं करता कसं?" नाना म्हणाले, "तुम्हाला तरी पितर कुठे दिसतात? पण पान वाढताच ना!"

आई चार वर्षांपूर्वी गेली. घरात आम्ही दोघंच. मला बंगळुरूला पीएचडीची जागा मिळाली आणि एक ऑगस्टला हजर व्हायचं ठरलं, तेव्हा नानांचं काय, हा प्रश्न आला. शौनकदादा पुण्याला बाणेरमध्ये अकराव्या मजल्यावर राहतो. तो म्हणाला, इकडे घेऊन येतो. नाना तिथे एकदा पंधरा दिवस राहून आले होते.

"मला तिथे पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाहीत," ते म्हणाले. "बरं, सूनबाई स्वभावाने इतकी चांगली की भांडायचीही सोय नाही."

शेवटी तिघांनी मिळून ठरवलं. नानांना स्वतःचा चहा करता आला आणि तिन्ही वेळच्या गोळ्या न चुकता घेता आल्या, तर ते नाशिकलाच राहतील. सकाळी सुलाबाई स्वयंपाकाला आणि साफसफाईला येतातच. निर्णय जूनअखेर घ्यायचा.

मी कामाला लागले. सुरुवातीला आठ सेंटिमीटरची अक्षरं कापली. पांढऱ्यावर काळं त्यांना चमकायचं, काळ्यावर पिवळं दिसायचं. फेब्रुवारीपर्यंत ते चाललं. मग एके दिवशी साखरेचा डबा डोळ्यांशी धरून त्यांनी विचारलं, "यावर काही लिहिलंय का गं अजून?"

तेव्हा मी स्पर्शाकडे वळले. ब्रेल त्यांना येत नाही, म्हणून आकार ठरवले. सकाळच्या गोळ्यांच्या डबीवर त्रिकोण, दुपारच्या डबीवर चौकोन, रात्रीच्या डबीवर गोल. तेच तीन आकार चहा, साखर, मिठाच्या डब्यांवर. गॅसच्या बटणावर एक उभी पट्टी. मी वाचलं होतं की ब्रेलचा ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर उंच असतो. माझं व्हिनाइल ऐंशी मायक्रॉनचं. म्हणजे सहा थर एकावर एक.

सहा थर बरोबर एकावर एक बसवणं सोपं नाही. मी प्रत्येक आकाराबाहेर दोन बारीक भोकं कापली आणि त्यांतून टाचण्या घालून थर रचले. पहिला संच आठ दिवसांत वाफेने सुटला, तोही कोपऱ्यांपासून. व्हिनाइल नेहमी टोकदार कोपऱ्यातूनच सुटायला लागतं. कोपरा गोल केला की टिकतो, पण मग त्रिकोण थोडा कमी त्रिकोण होतो. मी दीड मिलिमीटर गोलाईवर तडजोड केली, डबे स्पिरिटने पुसले, जुन्या एटीएम कार्डाने आकार दाबून बसवले आणि एक दिवस कोणाला हात लावू दिला नाही.

मग रोज तीन वेळा मी विचारायचे, "नाना, ही कुठली?" ते डबी उचलायचे, अंगठा फिरवायचे आणि सांगायचे. चौदा दिवसांत बेचाळीस वेळा विचारलं आणि बेचाळीस वेळा उत्तर बरोबर आलं. मी दादाला तक्ता पाठवला. त्याने फोन करून "मानलं तुला" म्हटलं. नानांनी कुंडावर गौरांगला सांगितलं की आमच्या ओवीने मला नवे डोळे कापून दिले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी साडेआठला नाना कुंडावर निघायच्या तयारीत होते. सुलाबाई फडताळ पुसून भांड्यांकडे वळल्या होत्या. मी दारात चहा पीत उभी होते. नानांनी डावीकडची डबी उचलली, अंगठा फिरवला, "त्रिकोण, सकाळची," असं स्वतःशीच म्हणाले आणि झाकण उघडलं.

डबीवर गोल होता.

"थांबा!" मी ओरडले. गोळी त्यांच्या तळहातावर होती.

"काय झालं?"

"सुलाबाई, डब्या हलवल्या का तुम्ही?"

"पुसून ठेवल्या, ताई. लय चिकाट झालं व्हतं. सगळ्या हायेत ना जागेवर?"

सगळ्या होत्या. फक्त क्रम उलटा होता. नानांनी गोळी परत डबीत टाकली आणि म्हणाले, "घाईत चुकलं. उशीर झालाय ना आज."

मलाही तसंच मानायचं होतं. पण मला आठवत होतं की त्या चौदा दिवसांत मी एकदाही डब्यांच्या जागा बदलल्या नव्हत्या. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या मुलीनेही ही चूक केली नसती. जागा तीच, क्रम तोच, आणि मी मोजत होते स्पर्श! मला बंगळुरूला जायचं होतं, म्हणून बेचाळीस हा आकडा मी तपासलाच नाही.

दुपारी नाना परतल्यावर मी त्यांना पुढच्या खोलीत बसवलं. चार सेंटिमीटरचे त्रिकोण आणि चौकोन कापले, या वेळी बारा थरांचे आणि कोपरे गोल न करता. नाणं उडवून जो येईल तो त्यांच्या हातात द्यायचा, असं वीस वेळा.

"परीक्षा आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग पेपर फुटला नाही वाटतं."

ते हसले, मी नाही हसले. ते प्रत्येक आकारावर बराच वेळ अंगठा फिरवत होते, मग तर्जनी, मग दुसऱ्या हाताचा अंगठा. विसावं उत्तर देऊन झाल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"किती आली बरोबर?"

"नऊ."

नुसतं नाणं उडवलं असतं तरी दहाच्या आसपास आली असती. हे मी बोलले नाही, पण त्यांना कळलं असावं.

"कधीपासून लागत नाही हाताला?" मी विचारलं.

"वर्ष झालं असेल. आधी पाय बधिर झाले, मग बोटं."

"मग सांगितलं का नाहीत? मी रोज विचारत होते."

"तू 'ही कुठली' असं विचारायचीस. कुठली ते मी सांगत होतो. 'लागतं का' असं तू कधी विचारलं नाहीस." मग ते म्हणाले, "आणि तू खूश व्हायचीस गं."

मी त्यांचे हात उलटे केले. उजव्या तर्जनीवर आणि मधल्या बोटावर भाजल्याचे दोन पांढरे डाग होते. ते मी याआधी पाहिले नव्हते.

"हे?"

"तव्याला लागलं असेल. वासावरून कळलं."

बोलणारी डबी आणता येईल, घंटा लावता येईल, सुलाबाईंना दुपारीही बोलावता येईल, असं मी भराभर बोलत राहिले. नाना ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आणि तवा बोलेल का?"

शेवटी मी म्हणाले की मी बंगळुरूला जात नाही.

"मग मी आजच पुण्याला जातो," ते म्हणाले. "तुझं शिक्षण माझ्या डबीत नको ठेवूस." पुढचं ते हळू आवाजात म्हणाले, जणू तिसरं कोणी ऐकत होतं. "शौनकला फोन लाव. सांग, नाना यायला तयार आहेत. डोळ्यांचं त्याला माहीत आहेच. बोटांचं मात्र बोलू नकोस. बोटांचं कळलं तर तिथे मला भातसुद्धा भरवतील."

मी फोन लावला. दादाला आनंद झाला. रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला, नानांची खोली बाल्कनीकडची करतो म्हणाला. नाना समोर बसले होते. त्यांचं तोंड माझ्याकडे होतं, पण मी बसले होते त्याच्या हातभर डावीकडे.

"ओवी, आणखी काही आहे का?" दादाने विचारलं. "मला माहीत असावं असं?"

त्याच्या स्वयंपाकघरातही गॅस आहे. कढत पाण्याचा नळ आहे. नाना तिथे कोणाचं लक्ष नसताना चहा करायला उठणारच, हे मला माहीत होतं. खोटं बोलावं असं मला फार वाटलं.

"बोटं," मी म्हणाले. "दादा, त्यांच्या बोटांना काहीच कळत नाही."

नाना खुर्चीचे हात धरून उठले आणि भिंतीच्या कडेने आत गेले. दादा एकामागून एक विचारत होता. कधीपासून, डॉक्टर कोण, कुठल्या गोळ्या चालू आहेत. मी उत्तरं देत होते. आतून पातेलं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, मग लायटरचा खटका वाजला. पुन्हा वाजला. तिसऱ्या खटक्याला गॅस पेटला.

"ऐकतेस ना?" दादा म्हणाला.

"हो," मी म्हणाले. उठून आत जावं की जाऊ नये, ते मला ठरवता येत नव्हतं.