सूर्यभानची खुंटी

रोहिणीचं, माझ्या नातीचं लग्न झालं ते साल २०२३. दारातला मांडव अजून सुटायचा होता, आणि शेजारच्या खोलीत सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. मी परातीतलं पीठ तसंच टाकून धावले. माझा धाकटा भाऊ सूर्यभान भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याच्या कानाशेजारी गिलाव्यात पातळ प्लायवूडचा एक तुकडा रुतला होता.

"लागलं का रं?"

"न्हाई आक्का. फळी उडाली."

"उडाली म्हंजे? पाखरू हाय का ती?"

"कडंला शिकंजे लावले, पर मधी फुगली. टोचा घुसला आन् दिली भिरकावून."

तो हसला आणि हसता हसता खोकायला लागला. मी पाणी दिलं तरी खोकला थांबेना. शेवटी त्याने खुणेनेच नळी मागितली आणि नाकाला लावली.

सूर्यभान पंप मेकॅनिक. वालूरच्या शिवारात तो उतरला नाही अशी विहीर सापडणार नाही. पूर्वी डिझेल इंजिनं विहिरीतच बसवलेली असत. खाली धूर कोंडायचा. हा वरून दम धरून खाली जायचा, एखादा नट सैल करायचा, वर यायचा, श्वास घ्यायचा आणि पुन्हा खाली. सारी उमर असं करून छाती खलास झाली. परभणीच्या डॉक्टरने घरी ऑक्सिजनची मशीन ठेवायला सांगितली. लहान कपाटाएवढी असते. एकीकडून खोलीतली हवा ओढते, दुसरीकडून नळीने नाकात ऑक्सिजन सोडते. त्याची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. माझी आणि त्याची भिंत एकच. त्या मशीनची घरघर मला चुलीपाशी ऐकू यायची. घरघर चालू म्हणजे सूर्यभान बरा, असं मी धरून चालायची.

विहिरी सुटल्या तेव्हा तो बसून बसून चिडका झाला. रोहिणी तेव्हा पुण्यात डिप्लोमा करत होती. तिने सुट्टीत येताना मोटारी, रूळ, वायरी असं काय काय आणलं आणि दोघांनी मिळून लाकूड कोरायची राउटर मशीन उभी केली. टेबलावर दोन रूळ, त्यावर सरकणारा एक फिरता टोचा. कॉम्प्युटरवर जे काढावं ते हा टोचा लाकडात कोरतो. सूर्यभान म्हणायचा, "हिला विहिरीत उतराय लागत न्हाई, एवढं बेस हाय."

त्या दिवसांत आम्हा म्हाताऱ्यांचा अक्षरांचा वर्ग विहारात भरत होता. धम्मशीला मॅडम शिकवायच्या. पण पाटीवरचं अक्षर आमच्यातल्या निम्म्या जणींना दिसत नव्हतं आणि दिसलं तरी घरी येईपर्यंत पुसून जायचं. मी असंच घरी रडकुंडीला येऊन बसले होते. दोन दिवसांनी सूर्यभानने माझ्यापुढे एक फळी ठेवली. तीत खोल खाच पाडून माझं नाव, 'तानुबाई', कोरलेलं होतं.

"डोळे मीट आन् बोट फिरव," तो म्हणाला.

फिरवलं. शेतातल्या पायवाटेने पाय जावा तसं बोट गेलं. दहा-बारा वेळा फिरवलं आणि मग खडू घेऊन फरशीवर नाव काढलं. वाकडं होतं, पण माझं होतं.

ती फळी वर्गात गेली आणि सगळ्या जणी त्याच्या दारात आल्या. पंचफुला सगळ्यांत पुढे.

"सूर्या, माझं नाव कवा?"

"तुझ्या नावाला एवढं लाकूड कुठून आणू? तुझ्या बापाला बारकं नाव सुचलं न्हाई का?"

"माझ्या बापानं पाच फुलं दिली. तुला एक फळी दाबून धरता यिना, आन् माझ्या बापाला नावं ठिवायला का?"

ते त्याला लागलं. पौष पौर्णिमेला विहारात सगळ्यांसमोर प्रत्येकीने आपापलं नाव फळ्यावर लिहायचं, असं मॅडमनी ठरवलं होतं. त्याच्या आत सगळ्यांच्या फळ्या व्हायला हव्या होत्या. माझी फळी जाड लाकडाची होती, तसलं लाकूड आता उरलं नव्हतं. पातळ प्लायवूड होतं, आणि ते कडेला दाबलं की मध्ये फुगायचं.

"खालून ओढायला पायजे," तो म्हणाला. "हवेनं."

त्याने एक चपटी पेटी केली. वरच्या पाट्यावर सारीपाटासारख्या खाचा, मध्ये भोक, भोकातून खाली नळी. सायकलच्या ट्यूबची दोरी कापून खाचेत चौफेर बसवली. वर फळी ठेवायची आणि खालची हवा ओढून घ्यायची, म्हणजे वरची हवाच फळीला दाबून धरते. आधी कुणाच्या तरी घरची धूळ ओढायची मशीन लावली. ती जळाली. शिवाय पाटाच गळत होता. मडक्यातून पाणी झिरपावं तशी दाबलेल्या भुशाच्या त्या पाट्यातून हवा झिरपायची. त्याने सगळीकडून वार्निश पाजलं, सांधे लांबीने भरले. गळती शोधायला उदबत्ती घ्यायची. कडेने ती फिरवायचं काम माझं. धूर जिथे आत वळायचा तिथे तो पुन्हा लांबी लावायचा. शेवटी एक दिवस धूर कुठेच वळला नाही. सरळ वर गेला. मी दोन्ही हातांनी फळी ओढली, पाय टेकून ओढली. हलली नाही.

"आता कशी?" सूर्यभान म्हणाला. लहानपणी पतंग काटल्यावर असाच बघायचा.

"पर आता वढतंय कोण? ती मशीन तर जळाली."

"हाय एक पंप. रोहिणी नवा पाठवायलीय, तवर ह्यो."

मी पुढे विचारलं नाही. त्याच्या नाकात नळी होती, भिंतीपलीकडे घरघर चालू होती. फळ्या एकामागून एक होत होत्या. झुंबरबाईची झाली, गीताबाईची झाली.

संक्रांतीच्या भोगीला मी भाजी घेऊन गेले. टोचा चालू होता. सूर्यभान स्टुलावर बसून टेबलाची कड धरून होता. डोळे फळीवर, ओठ जांभळ्या रंगाचे. टोचा थांबला, तसा त्याने हात घालून टेबलाच्या बाजूची एक लाकडी खुंटी उपटली. फुस्स झालं. मग तो पाण्याबाहेर पडलेल्या माशासारखा तोंड वासून श्वास घेऊ लागला.

मी भाजी खाली ठेवली.

"ही खुंटी कशाची रं?"

मी नळीवर नजर ठेवत गेले. पेटीतून निघालेली नळी ऑक्सिजनच्या मशीनमागे नेऊन तिच्या हवा ओढायच्या तोंडाला बसवली होती.

"सूर्या!"

"वरडू नको आक्का. एकच पंप हाय. इकडून फळी वढतो, तिकडून मला देतो."

"फळी घट्ट बसल्यावर हवा जाती कुठून? तुला काय मिळतं मग?"

ज्याने जिंदगीभर शेतकऱ्यांना सांगितलं की वरचं तोंड मोकळं असलं तरी खालचं बुजलं की पाणी येत नाही, त्याला मी हे विचारत होते.

"न्हाई मिळत," तो म्हणाला. "म्हणून तर खुंटी. घातली की भोक बुजतं, फळी धरती. काढली की हवा शिरती, मला मिळतं. एका नावाला थोडाच येळ लागतोय. विहिरीत काय करायचो? दम धरायचा, नट फिरवायचा, वर यायचं."

"तवा तुझी छाती होती! आन् ही मशीन वरडत कशी न्हाई? तिला पिपाणी हाय ना?"

"तिची वायर सोडली. लय कटकट करती."

इतके दिवस मी भिंतीला कान देऊन निवांत भाकरी थापल्या होत्या. घरघर तीच होती. नळी त्याच्या नाकात होती. आणि तिच्यातून काहीच येत नव्हतं.

"तू मरायला बसलास का रं?"

"न्हाई गं. मराय कोण बसतंय?" तो खरंच चकित झाला होता. "पंचफुलीचं तेवढं ऱ्हायलंय. लय बोलती ती."

मी खुंटी हिसकली आणि पदराच्या गाठीत बांधली. "नवा पंप आल्याबिगर ही मिळायची न्हाई."

"बरं."

"माझ्या गळ्याची आन."

"बरं म्हणलं ना आक्का."

त्याने माझ्यादेखत नळी पेटीतून सोडवली. त्यानंतर मी रोज जाऊन बघायची. नळी सोडलेलीच असायची. टेबलावर त्याने चादर टाकली होती.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी घरघर चालू होती. मी चहा घेऊन गेले. तो स्टुलावर बसला होता, डोकं टेबलाच्या कडेवर टेकलेलं, अंगावर भुसा. मला वाटलं डोळा लागला. टोचा आपलं काम संपवून कोपऱ्यातल्या जागेवर जाऊन उभा होता. फळीवर 'पंचफुला' पूर्ण झालेलं होतं, कुठे ओरखडा नाही.

"सूर्या, च्या घे."

हात लावला. गार होता.

मी ती फळी उचलायला गेले, का ते माहीत नाही. फळी निघेना. पेटीने तिला अजून धरून ठेवलं होतं. मग मला टेबलाच्या बाजूला खुंटी दिसली. पांढरी, ताज्या लाकडाची, नव्यानं तासलेली. त्याचा एक हात तिच्याकडे गेलेला, वीतभर अलीकडे राहिलेला. मी पदर चाचपला. माझ्या गाठीतली खुंटी गाठीतच होती.

मी नवी खुंटी उपटली. फुस्स झालं, फळी सुटली. आणि त्याच्या नाकातल्या नळीतून वारा यायला लागला. मिशीवरचा भुसा हलताना मी पाहिला.

माझा भाऊ सूर्यभान, राहणार वालूर, पंप मेकॅनिक, २४ जानेवारी २०२४ रोजी, बुधवारी सकाळी वारला.