बोलण्याचा तक्ता आणि एक राजीनामा

मित्रांनो, वर्गात घड्याळाकडे सगळे बघतात, कॅलेंडरकडेही बघतात. माझ्याकडे मात्र परीक्षा तोंडावर आली की मगच नजर वळते. मी एक जुना तक्ता आहे. बालाघाटच्या एका शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत, खिडकीशेजारच्या भिंतीवर टांगलेला असतो. माझ्या अंगावर देशाचा नकाशा नाही की पाढे नाहीत. माणसे एकमेकांशी कशी बोलतात, याचे चित्र माझ्यावर आहे. बोलण्याचे कसले आले आहे चित्र, असे म्हणून तुम्ही हसाल. सुरुवातीला मलाही तसेच वाटले होते.

माझा जन्म बसस्थानकाजवळच्या बाबूलाल पेंटरच्या दुकानात झाला. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. संस्थेत शिकवणाऱ्या देवश्रीबाई एक कागद घेऊन त्याच्याकडे आल्या आणि त्याने मेणकापडावर मला उतरवले. डावीकडे एक चौकोन, त्यात ‘प्रेषक’, म्हणजे सांगणारा. उजवीकडे दुसरा चौकोन, त्यात ‘ग्राही’, म्हणजे ऐकणारा. मधे बाण, त्यावर ‘संदेश’ आणि खाली ‘माध्यम’. बाणाला आडवी जाणारी एक वेडीवाकडी लाल रेघ, तिचे नाव ‘शोर’, म्हणजे गोंगाट. बाबूलालचा हात लॉजकडे जाण्याचे बाण काढण्यात तयार झालेला, त्यामुळे माझा बाण गरजेपेक्षा जरा जाडच आहे. मला तो आवडतो.

देवश्रीबाईंच्या घरी मराठी आणि वर्गात हिंदी. त्या छडीने माझे एकेक चौकोन दाखवत शिकवत. शोर म्हणजे नुसता ट्रकचा भोंगा नव्हे, असे त्या सांगत. ऐकणारा भुकेला असेल तर तोही शोर. मन थाऱ्यावर नसेल तर तोही शोर. शब्द एकच आणि दोन गावांत अर्थ दोन, हा तर सगळ्यांत बेरकी शोर, कारण त्याचा आवाजच येत नाही.

काही वर्षांनी बाईंच्या लक्षात आले की माझा बाण एकाच दिशेने जातो. जणू गच्चीवरून पाणी फेकले आणि आपण मोकळे झालो. मग त्यांनी स्वतः ब्रश घेतला आणि उजवीकडून डावीकडे येणारा एक बाण काढला. त्यावर लिहिले ‘प्रतिपुष्टि’, म्हणजे ऐकणाऱ्याकडून परत येणारे उत्तर. हा बाण जरा लुळा आहे, पण बाईंच्या हातचा आहे. पुढे त्यांनी दोन्ही चौकोनांभोवती एकेक मोठे वर्तुळ काढले. माणूस जे जगला, जे ऐकत वाढला, ते त्याचे वर्तुळ. दोन वर्तुळे जिथे एकमेकांत शिरतात, तेवढ्याच जागेत बोलणे पोहोचते, असे त्या म्हणायच्या. मुले माना डोलवायची. पाहुणे आले की प्राचार्य मला दाखवायचे. ते दिवस मोठे सुखाचे होते.

मग बाई निवृत्त झाल्या आणि वर्गात प्रोजेक्टर आला. मला गुंडाळून कपाटामागे उभे केले. तिथे मोडक्या खुर्च्या होत्या आणि एक पाल होती. खरे सांगतो, फार वाईट वाटले. ज्याच्या अंगावर बोलण्याची सगळी विद्या रंगवलेली, त्याच्याशीच बोलायला कुणी नव्हते.

मला बाहेर काढले ते मंजुषाने. ती देवश्रीबाईंची विद्यार्थिनी, आता त्याच वर्गात शिकवायला आलेली. एकदा भर तासाला वीज गेली, प्रोजेक्टरने मान टाकली, तशी ती तडक कपाटामागे गेली. तिने मला ओल्या फडक्याने पुसले, उलगडले आणि भिंतीवर टांगले. तेव्हापासून मी तिचा आणि ती माझी.

मंजुषाचे वडील डोमाजी किरनापूरजवळच्या एका खेड्यात राहतात. घराणे मूळचे भंडाऱ्याकडचे, म्हणून घरात मराठी. पण शाळा, बाजार, कचेरी सगळे हिंदीत. तिचे लग्न गोंदियाच्या अंकितशी ठरले होते. अंकित भला मुलगा, पण मंजुषाचा खरा जीव जडला तो त्याच्या आईवर, अंजनाबाईंवर. या बाई लग्नाआधी अंगणवाडीत शिकवायच्या. लग्न झाले आणि ते सुटले. म्हणून साखरपुड्यातच त्यांनी सगळ्या नातलगांना ऐकवले होते, की आमची सून नोकरी करील आणि यात कुणी तोंड घालायचे नाही. मंजुषाने ही गोष्ट वर्गात इतक्या वेळा सांगितली होती की मला ती पाठ झाली.

आता ऐका. डोमाजींचा शेजारच्या पुनारामशी सांडपाण्याच्या नालीवरून जुना खटला चालू होता. मंजुषाने तो अंजनाबाईंना कधीतरी ओझरता सांगितला होता. लग्न जवळ आले तसे दोघे म्हातारे शहाणे झाले आणि कोर्टात समेट करून आले. आमच्याकडे कोर्टातल्या समेटाला काय म्हणतात ठाऊक आहे? राजीनामा. दोन्ही पक्ष राजी, म्हणून राजीनामा. मंजुषा हा शब्द लहानपणापासून याच अर्थाने ऐकत आलेली. मधल्या सुट्टीत, माझ्यासमोर बसून, तिने हसतहसत अंजनाबाईंना संदेश पाठवला. पाठवण्याआधी शेजारी बसलेल्या ज्योत्स्नाला वाचून दाखवला.

“आई, आज राजीनामा झाला. इतक्या वर्षांची कटकट मिटली. आता लग्नाच्या तयारीले मोकळी.”

ज्योत्स्ना गणित शिकवते आणि घरीदारी हिंदीच बोलते. तिला यात काही वावगे दिसले नाही. मलाही दिसले नाही, कारण मीही बालाघाटचाच. थोड्या वेळाने उत्तर आले.

“बरं. तुमची मर्जी.”

“देखो, सास कितनी इज्जत से बात करती है,” ज्योत्स्ना म्हणाली. मंजुषाही खूश झाली. हिंदीत ‘आप’ म्हणजे मान, तसेच हे ‘तुमची’ असणार. ज्या बाई तिला पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणत होत्या, त्या एकाएकी ‘तुमची’वर का आल्या, हे तिच्या डोक्यातच आले नाही.

त्यानंतर गोंदियाकडून सगळे गार पडले. अंजनाबाईंचा फोन येईना. अंकित बोलायचा, पण तुटक. रविवारी ठरलेला बस्ता, म्हणजे लग्नाच्या कपड्यांची खरेदी, पुढे ढकलला गेला. गंमत बघा, हाच बस्ता मंजुषा वर्गात उदाहरण म्हणून द्यायची. गोंदियात बस्ता म्हणजे लग्नाची खरेदी, इथे बस्ता म्हणजे पोराचे दप्तर, असे म्हणून मुलांना हसवायची. आता तिचे तिलाच हसू येईना. एकदा तास संपल्यावर ती बाकावर बसून राहिली आणि तिने अंकितला फोन लावला.

“माही काही चूक झाली का? सांग ना एकदाचं.”

पलीकडून काय आले ते मला ऐकू आले नाही. तिने फोन ठेवला आणि ज्योत्स्नाला म्हणाली, “तो म्हनते, आईनं बजावलं हाय, तू मधात पडू नको. लगन मोडते वाटते माहं.” आणि ती रडली. मित्रांनो, तेव्हा माझ्यावरचे सगळे बाण मला नकोसे झाले. शिकवायला एवढे, आणि हिच्या कामाला एकही येईना.

चार दिवसांनी दुपारी वर्गाच्या दारात एक बाई उभी राहिली. कपाळावर घाम, हातात पिशवी, गोंदियाच्या गाडीने आलेली. मंजुषा ताडकन उठली. या अंजनाबाई. मुले जेवायला गेली होती. अंजनाबाई पहिल्या बाकावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि त्यांनी सरळ ‘का’ असेच विचारले.

“काहून देल्ला राजीनामा? कोनं भाग पाडलं तुले?”

“मी कुठी देल्ला, आई? राजीनामा त झाला.”

“झाला म्हंजे? आपोआप होते का?”

“पुनारामकाकासंग झाला ना. त्यायनं सही केली, बाबानं सही केली.”

अंजनाबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. “तुह्या नोकरीत बाबाची सही काहून? अन् हा पुनाराम कोन? तुमचा साहेब हाय का?”

“साहेब नाही, शेजारी हाय. नालीवाला.”

“नालीवाल्यानं तुही नोकरी सोडवली?”

मंजुषा बघतच राहिली. “माही नोकरी कुठी गेली, आई? मी इथंच त शिकवून राह्यली.” मग ती एकदम थांबली. तिची नजर वर आली, थेट माझ्या लाल रेघेवर. तिने तोंडावर हात ठेवला. “तुमच्याकडं राजीनामा म्हंजे नोकरी सोडनं, हौ ना?”

“हौ. मंग दुसरं काय असते?”

“आमच्याकडं कोर्टात भांडन मिटलं का त्याले राजीनामा म्हनते.”

अंजनाबाई अशा हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. मंजुषा हसत होती आणि रडतही होती. मग तिने मला दाखवले, आपण दोघी कुठे अडकलो ते समजावले. अंजनाबाईंनी चष्मा पुसून मला वरपासून खालपर्यंत वाचले. “चांगला हाय तक्ता,” म्हणाल्या, “पन धूळ बसली हाय.” आणि त्यांनी आपल्या पदराने माझा एक कोपरा पुसला. आयुष्यात मला पुष्कळांनी पुसले आहे, पण तो स्पर्श मी विसरलेलो नाही.

निघायच्या वेळी मंजुषाने विचारले, “आई, एवढ्या उन्हात काहून आल्या? फोन केला असता त चाललं असतं.”

अंजनाबाई पिशवी उचलता उचलता थांबल्या. “मी अंगनवाडी सोडली, तवा मले कोनंच इचारलं नाही, काहून सोडून राह्यली म्हून. माह्या मायनं नाही, तुह्या सासऱ्यानं नाही. सगळ्यायनं ‘बरं’ म्हटलं, बस. तुले बी मी ‘बरं’च धाडलं. मंग माहाच मले राग आला. फोनवर तू बी ‘बरं’ म्हटलं असतं. म्हून आली.”

मंजुषाने वाकून त्यांचे पाय धरले. बस्ता पुढच्याच रविवारी झाला, मग लग्नही झाले. आता ती गोंदियाहून रोज गाडीने येते आणि मला टांगलेल्या भिंतीसमोर उभी राहून शिकवते. मी फार समाधानी आहे.

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझ्यासारखा एखादा जुना तक्ता असेल तर त्याला कोरड्या जागी ठेवा, ओल्या फडक्याने हलकेच पुसा, घडी घालू नका. घडीवरचा रंग आधी जातो. आणि आपल्या माणसाचे एखादे बोलणे मनाला लागले, तर ‘बरं’ म्हणून दार लावून घेऊ नका. आधी ‘काहून’ विचारा. फोनवर विचारता येत नसेल, तर गाडी पकडा आणि जाऊन विचारा.