उजवा पाय कुठे आहे?

काच उचलायला दोन माणसं लागतात, आणि ती एकमेकांचे साडू असली तर फारच बरं, असं काचवाला म्हणायचा. "साडू म्हणजे काय, तर एकाच दुकानात फसलेली दोन गिऱ्हाइकं. ती आपसात भांडत नाहीत." हे तो बायकोसमोरही म्हणायचा. बायको ऐकू न आल्यासारखं करून त्याच्या ताटात पुढची पोळी जरा जोरातच टाकायची.

एकोणीस वर्षं दोघांनी मिळून खिडक्या, दुकानांची दर्शनी तावदानं, न्हाणीघरांचे आरसे बसवले होते. काचवाला थोरल्या बहिणीचा नवरा, वय बावन्न. धाकटा साडू चव्वेचाळीस वर्षांचा, गप्प, रुंद खांद्यांचा. त्यांना एकमेकांना 'डावीकडे', 'हळू' असं सांगावं लागत नसे. काचेच्या एका टोकाला जरा दाब आला की दुसऱ्या टोकाला कळायचं.

मग काचवाल्याची कंबर धरली. पहिल्यांदा उजव्या कुल्ल्यात ठणका, नंतर तो मांडीच्या मागून उतरत पोटरीत गेला आणि शेवटी पायाच्या करंगळीपर्यंत पोचला. खोकला आला की पायातून वीज जायची. डॉक्टरांनी सांगितलं, दोन मणक्यांच्या मधली चकती सरकून शीर दाबते आहे. गोळ्या दिल्या, पट्टा दिला, जड उचलू नका म्हणाले. काचवाल्याने गोळ्या घेतल्या, पट्टा शर्टाच्या आत बांधला आणि तिसरा सल्ला दवाखान्यातच ठेवून आला.

दोनेक महिन्यांत दुखणं बरंच उतरलं. त्याला वाटलं, सुटलो. पण काही गोष्टी विचित्र होऊ लागल्या होत्या. चालता चालता उजव्या पायातली चप्पल मागे राहायची आणि चार पावलं पुढे गेल्यावर पाय गार लागला की कळायचं. पँट चढवताना भिंत धरावी लागायची. एकदा तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि तो बेसिनवर कपाळ आपटता आपटता वाचला. नळ धरला म्हणून निभावलं.

"अहो, तुम्ही हल्ली एका बाजूला कलून उभे राहता," बायको म्हणाली.

"घराची फरशीच कललीय."

"तीस वर्षं नव्हती कलली ती?"

साडूला त्याने यातलं काहीच सांगितलं नाही. साडूला सांगायचं म्हणजे काम थांबवायचं, आणि काम थांबवून काय करायचं हे त्याला सुचत नव्हतं.

आठ महिन्यांनी एका नृत्यशाळेचं काम आलं. पहिल्या मजल्यावरच्या दालनात भिंतभर आरसे, प्रत्येक सात फूट उंच आणि चार फूट रुंद. पाच आरसे वर गेले. सहाव्याच्या वेळी जिन्याच्या वळणावर दोघांना आरशाकडे तोंड करून, आडव्या पावलांनी सरकायचं होतं. साध्या काचेतून पलीकडचा कठडा, भिंत, पायरी सगळं दिसतं. आरशात दिसला तो स्वतः काचवाला. तो जरा हलला, आरसा हलला, आरशातला जिनाही हलला. स्थिर असं डोळ्यांना काहीच सापडेना. उजवा पाय पुढच्या पायरीवर टेकला असं त्याला वाटलं. टेकला नव्हता.

त्याच्या वस्तादाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, काच हातातून गेली तर जाऊ द्यायची, धरायची नाही. काचवाल्याने जाऊ दिली. साडूनेही काच धरली नाही, त्याने काचवाल्याला धरलं. आरसा कठड्यावर फुटला आणि त्याची एक लांब फाक साडूच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, उतरली.

नृत्यशाळेच्या बाई आवाज ऐकून धावत आल्या. साडूने हातावर रुमाल दाबून धरला होता. तोंड पांढरं पडलं होतं, तरी आधी तोच बोलला. "पायरी ओली होती, बाई. पाय सटकला."

काचवाला त्या रुमालाला गाठ मारू लागला.

चौदा टाके पडले. दोन बोटं नीट सरळ होईनात, म्हणून टाके निघाल्यावर साडूला हाताच्या व्यायामासाठी इस्पितळात बोलावलं. काचवाला सोबतीला गेला आणि दाराशी उभा राहिला. फिजिओथेरपिस्ट बाई तरुण होत्या, बोलणं तुटक. साडूची बोटं वाकवता वाकवता त्यांनी दोनदा दाराकडे पाहिलं.

"पेशंट नक्की कोण आहे? हे की तुम्ही?"

"हे," काचवाला म्हणाला.

"मग तुम्ही सगळा भार डाव्या पायावर का टाकलाय?"

साडू खाली बघत राहिला. काचवाल्याला आता बसावं की निघून जावं हे कळेना, तेवढ्यात बाईंनी त्याचे बूट काढायला लावले. एका चपट्या फळीवर उभं केलं. फळीची तार संगणकाला जोडलेली होती. पडद्यावर एक ठिपका आला आणि बारीक बारीक हलू लागला. डोळे उघडे असेपर्यंत तो नाण्याएवढ्या जागेत फिरत राहिला.

"आता डोळे मिटा. मी मागे उभी आहे, पडू देणार नाही."

अर्धं मिनिट. डोळे उघडले तेव्हा बाईंचा हात त्याच्या पाठीवर होता आणि पडद्यावर लहान मुलाने पाटी गिरबटावी तशा रेघा होत्या. पुढे मागे, डावीउजवीकडे. मग त्यांनी त्याला झोपवून पुन्हा डोळे मिटायला सांगितलं, उजव्या पायाचं बोट हलकेच धरलं आणि विचारलं, "वर की खाली?"

"वर."

"आता?"

"खाली."

"दोन्ही वेळा उलट सांगितलंत."

त्या समजावून सांगू लागल्या. दुखणं कमी झालं म्हणजे शीर बरी झाली असं नाही. पाय कुठे टेकलाय, किती वाकलाय ही खबर याच शिरेतून वर जाते. ती अर्धवट येऊ लागली की माणूस नकळत डोळ्यांनी काम भागवतो. उजेड असेल, समोर भिंत असेल तर निभावतं. अंधारात, डोळे मिटल्यावर, समोरची वस्तू हलती असली की तोल जातो.

"आरसा," काचवाला म्हणाला.

"आरसा तर सगळ्यात वाईट."

बाहेरच्या बाकावर दोघं बसले. काचवाल्याने विचारलं, "तुला माहीत होतं?"

"दादा, तुमचं टोक आठ महिने डगमगत होतं. पाचव्या पायरीनंतर वजन माझ्याकडे यायचं. मी घ्यायचो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो." साडूने पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवला. "मीही बोलायला हवं होतं. जिना चढताना वाटायचं, आज बोलू. उतरताना काम झालेलं असायचं."

त्यानंतर काचवाला एकटाच नृत्यशाळेत गेला. फुटलेल्या आरशाचं माप पुन्हा घ्यायचं होतं. जिना नवीच बाई पुसत होती. आधीच्या बाईला पायरी ओली ठेवल्याबद्दल काढून टाकल्याचं त्याला तिथे कळलं. त्याने टेप खिशात ठेवला आणि सरळ नृत्यशाळेच्या बाईंकडे गेला.

"पायरी कोरडी होती. माझा पाय बधिर आहे. साडू मला सांभाळून घ्यायला खोटं बोलला आणि मी ते चालू दिलं."

बाईंनी त्याच्या पायांकडे पाहिलं. "चढलात कसे अशा पायाने?"

"डोळ्यांनी."

त्यांनी जुन्या बाईला फोन करून बोलावून घेतलं. ती दुपारी आली, पदर खोचलेला, चेहरा रागीट. काचवाल्याने तिच्यासमोर पुन्हा सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "ओली कुठून असेल? त्या दिवशी मी जिना पुसलाच नव्हता. पण ते सांगितलं असतं तर न पुसल्याबद्दल काढलं असतं. म्हटलं, निदान पुसला म्हणून तरी जाऊ."

नृत्यशाळेच्या बाईंना हसू आवरेना. नव्या बाईला वरचा मजला दिला आणि जुनीला तिचा जिना परत मिळाला. काचवाल्याला मात्र तिने जाता जाता सुनावलं, "भाऊ, पाय तुमचा आणि नोकरी माझी, हे बरं आहे हो!" त्याने मान खाली घातली. आठवडाभर ते वाक्य त्याच्या कानात राहिलं.

व्यायाम चार महिने चालले. आधी दोन पाय जुळवून उभं राहणं, मग एकामागे एक, मग मऊ गादीवर, मग डोळे मिटून. घरी तो स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी करायचा, म्हणजे हाताशी धरायला काहीतरी. बायको घड्याळ बघून सेकंद मोजायची आणि मोजताना मुद्दाम हळू मोजायची. चौथ्या महिन्यात फळीवर पुन्हा उभं केलं तेव्हा डोळे मिटल्यावरचा रेघांचा गुंता जवळपास निम्म्यावर आला होता. बोट वर की खाली हे दहापैकी सात वेळा बरोबर आलं. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "याहून पुढे किती जाईल, सांगता येत नाही. जिन्यावरून काच मात्र नको."

त्याने वाद घातला नाही. वस्तादाचं जुनं लाकडी टेबल त्याने कमरेच्या उंचीला आणून घेतलं आणि काच कापायचं, कडा घासायचं काम स्वतःकडे ठेवलं. वाहायला साडूसोबत साडूचीच थोरली मुलगी जाऊ लागली. चोवीस वर्षांची, बापासारखीच रुंद खांद्यांची, पण बोलायला मोकळी. पहिल्याच दिवशी तिने निघण्याआधी बापाला आणि काकांना समोर उभं करून विचारलं, "कुणाला कुठे दुखतंय? आत्ता सांगा, जिन्यावर नको."

साडूने पट्टी सुटलेला हात वर केला. "दोन बोटं आखडतात. पकड उजव्या हाताची."

"आणि काका?"

"मी येत नाहीये."

"तरी सांगा."

काचवाल्याने टेबलावर हात टेकवला. "उजवा पाय. घोट्याच्या खाली निम्मा माझा आहे, निम्मा नाही."

तिने मान हलवली, हातमोजे चढवले आणि बापाला म्हणाली, "चला, तुम्ही वरच्या बाजूला. खालचं वजन माझं."